न जळलेली पिंपं

आक्शोकी, १४ फेब्रुवारी

एल्दोस,

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबरच तू बंद करून ठेवलायस, हे मला डिसेंबरात कळलं. म्हणून हा कागद. अक्ताऊ बंदरातल्या तुझ्या वसतिगृहाचा पत्ता रीस्ती मावशीने दिला, तोही तीनदा कुरकुर करून. 'त्याला सुखाने राहू दे,' म्हणाली.

इथे सगळं ठीक आहे. भट्टी छान चालली आहे. मागच्या आठवड्यात राजधानीहून माणसं आली होती. भट्टीतली प्लाझ्माची मशाल पेटली तेव्हा जाड काचेपलीकडचा तो निळसर पांढरा लोळ बघून सगळी गप्प झाली. ती नेहमीच गप्प होतात. पाच हजार अंशांच्या वर विष विष राहत नाही, त्याचा रेणूच तुटतो, हे मी शंभराव्यांदा सांगितलं. त्यांनी शंभराव्यांदा माना हलवल्या. एक बाई म्हणाली, किती स्वच्छ आहे हो तुमच्याकडे. खरंच स्वच्छ आहे. फरशीवर भात सांडला तर उचलून खावा इतकं.

अठ्ठावीस एप्रिलला आपल्याकडेच परिषद आहे. वीजकेंद्रांचे लोक, पोलादवाले, परदेशी पाहुणे. मला बोलायचं आहे, विषय 'उद्योगातला प्लाझ्मा आणि त्याचं भविष्य'. संचालकांचा, म्हणजे कैरोल्ला सादिकोविचचा, हट्ट आहे की मीच बोलावं. त्याच दिवशी आणखी सहा शहरांतल्या भट्ट्यांचा करार होणार. त्यावर तांत्रिक हमी म्हणून माझी सही लागेल.

तब्येत बरी आहे. फक्त मांस जात नाही. तोंडाजवळ नेलं की पोटातून उलटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं, शेहेचाळीस म्हणजे काही थोडं नव्हे.

अक्ताऊला वारा फार असतो म्हणतात. कानाला बांधत जा.

ऊल्पान


आक्शोकी, २ मार्च

एल्दोस,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला ते पहिल्या चार ओळींतच कळलं असणार. तू कंपनीचा ट्रक चालवायचास, तुला काय चालतं आणि काय नाही ते माझ्याआधी ठाऊक होतं.

भट्टी चालत नाही. पाहुणे येतात त्या दिवशी चाळीस मिनिटं चालते. त्यांच्यासमोर पिंपं आत जातात, त्यांत लाकडाचा भुसा आणि जुने खोके असतात. वर कवटीचं चित्र रंगवलेलं असतं. ते चित्र कोण रंगवतं माहीत आहे? आपल्या भांडारातला म्हातारा फ्योदर. सुबक काढतो. एकदा मला विचारत होता, दात किती दाखवू.

पहिले दोन महिने आम्ही खरोखर जाळलं होतं, हे तुला आठवत असेल. जुन्या सामूहिक शेतांच्या गोदामांतली कीडनाशकं, चाळीस-चाळीस वर्षं सडलेली. इस्पितळांचा कचरा. धुराड्यातून येणारी हवा मी स्वतः मोजली होती आणि ती या गावाच्या हवेपेक्षा बरी होती. मग संचालकांनी मला वर बोलावून सांगितलं की सरकार टनावर पैसे देतं आणि तुझी मशाल घास चावून चावून खाते. वीज किती पिते ते तरी बघ. मी म्हटलं, तिला तसंच खावं लागतं. त्यावर तो हसला. म्हणाला, "ऊल्पान, नवरीचा दागिना रोज घालून कुणी भांडी घासतं का? पाहुणे आले की घालायचा."

त्यानंतर भट्टी चालवण्याचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या विभागाला दिलं. मला वर मोठी खोली मिळाली, तिच्यातून नदी दिसते. महिन्याच्या शेवटी एक कागद यायचा, इतकी पिंपं नष्ट झाली म्हणून, आणि मी सही करायचे. खाली जाऊन बघितलं नाही. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, एल्दोस. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायला गेले तर जीभ टाळूला चिकटते.

आणि तू सांगायला आला होतास. आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्याच्या जेवणाला, भरल्या घरात, कारण मी, तुझी सख्खी बहीण, तुला एकटी कधी भेटतच नव्हते. "अपके, ती पिंपं भट्टीत जात नाहीत, आम्ही ती माळावर नेऊन टाकतो," म्हणालास. आणखी काहीतरी सांगत होतास तेवढ्यात मी तुझ्या थोबाडीत मारली. दारू प्यायलायस म्हटलं. तू प्यायला नव्हतास. मी एवढ्या जवळ उभी होते की तुझ्या तोंडाला फक्त चहाचा वास येत होता.

आठ दिवसांनी तुला कामावरून काढलं. ते मी केलं नाही. पण का काढलं हे मी कुणाला विचारलंही नाही.

ऊल्पान


आक्शोकी, २३ मार्च

काल नौरूझचा, नव्या वर्षाचा, सण झाला. कैरोल्ला सादिकोविचच्या घरी सगळ्यांना बोलावणं होतं. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. निदान मी तशी समजूत घालून घेतली.

घोड्याचं मांस, रुंद शेवयांवर रचलेलं, परातभर. वर चरबी थिजत होती. तो यजमान, मधोमध बसलेला. त्याने भाषण केलं. प्लाझ्मा म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था, आणि आपला देश आता चौथ्या अवस्थेत जाणार. हे वाक्य त्याने माझ्याच टिपणातून उचललं होतं, फक्त देश त्याने घातला. मग आपल्याकडे वडीलधारे करतात तसं त्याने मूठभर मांस उचललं, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तोंड उघड, पोरी. या घराचं अन्न खाल्लंस, आता या घराची झालीस."

त्याचा हात कोपरापर्यंत चकाकत होता. अंगठीच्या खाचेत चरबी अडकली होती. तीस माणसं बघत होती. मी तोंड उघडलं. त्याची बोटं माझ्या दातांना लागली. आजोबा भरवायचे तेव्हा आपण किती हसायचो, आठवतं? मी गिळलं आणि हसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

न्हाणीघरात जाऊन ओकले. आरशात बघितलं तेव्हा त्याच्यापेक्षा मला माझ्या तोंडाची किळस आली. त्याने हात पुढे केला होता. तोंड माझं मी उघडलं होतं.

आज सुट्टी. बर्फ वितळायला लागलंय. रस्ता मोकळा झाला की मी माळावर जाणार आहे. तू आईच्या चाळिसाव्याला तीन वळणांनंतरच्या घळीचं नाव घेतलं होतंस, तेवढं माझ्या लक्षात राहिलंय.


आक्शोकी, ९ एप्रिल

एल्दोस,

घळ सापडली. शोधावी लागली नाही, नाकाने नेलं. गोडसर वास, सडलेल्या खरबुजासारखा, त्याखाली औषधाचा. गाडीच्या काचा बंद असताना आत येत होता.

वर माती ढकललेली होती, पण बर्फाच्या पाण्याने ती वाहून गेली होती. पिंपं एकावर एक, गंजून पोटं फुटलेली. आतून पिवळा लगदा ओघळून दगडांवर साय धरावी तसा वाळला होता. इस्पितळाच्या पिशव्या कोल्ह्यांनी फाडल्या होत्या. पट्ट्या, सुया, आणि आणखी जे काही होतं ते लिहीत नाही. एक कोल्हा तिथेच मरून पडला होता. त्याच्यावर माश्या नव्हत्या. एप्रिलच्या उन्हात मेलेल्या जनावरावर माशी बसत नाही, याचा अर्थ तुला सांगायला नको.

मी अर्धा तास थांबले. लहानपणी आई आपलं नाक धरून कडू औषध पाजायची. इथे मी नाक धरलं नाही. हे माझ्या सहीचं आहे, मी ते हुंगलं पाहिजे, असं वाटलं.

मग एक धनगर आला, बाइझाक नावाचा म्हातारा. मला म्हणाला, कंपनीच्या बाई का? पिंपं मजबूत असतात हो तुमची. दोन उभी कापून मेंढ्यांना पाण्याला केलीत. मी त्याला सांगितलं, ती फेका, आजच. "फेकायला सांगता," म्हणाला, "पण फेकायला इथे आणली तुम्हीच ना?"

मी दोन्ही पिंपं गाडीत घालून आणली. आठ दिवस झाले, गाडीतला वास जात नाही.

परत आल्यावर मी पहिल्यांदा आपल्याच कारखान्याच्या भांडारात गेले. मशालीच्या तोंडाशी तांब्याचा इलेक्ट्रोड असतो, तो खर्च होतो. विजेचा लोळ त्याला चाटत राहतो, दोनशे तासांत त्याच्या टोकाला खळगा पडतो आणि तो बदलावाच लागतो. कागदावर आमची भट्टी दोन वर्षं, वर्षाला तीनशे दिवस, रोज आठ तास चालली आहे. म्हणजे चोवीस इलेक्ट्रोड संपायला हवेत. चोवीसच मागवले होते. हे कुणीतरी बरोबर धरलं होतं. पण मागवलेले वापरल्यासारखे दाखवायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. बावीस खोके सीलबंद, तेलाच्या कागदात गुंडाळलेले. फ्योदर म्हणाला, "कधी लागलेच नाहीत, ऊल्पान. मी धूळ पुसतो तेवढी."

कागदावर काहीही लिहिता येतं. तांब्याला मात्र झिजल्याचं सोंग आणता येत नाही. एवढ्या दिवसांत मला कशाचा पहिल्यांदाच बरा आधार वाटला असेल तर त्या तांब्याचा.

ऊ.


आक्शोकी, ६ मे

एल्दोस,

अठ्ठावीसला परिषद झाली. मी बोलले.

आधी जे खरं आहे ते सांगितलं. वीजकेंद्रात आपण कोळशाची भुकटी प्लाझ्माने पेटवतो, त्यामुळे बॉयलर सुरू करताना जड तेल जाळावं लागत नाही. ती माझी पहिली नोकरी होती आणि त्यातली एकही ओळ मला लपवावी लागत नाही. टर्बाइनच्या झिजलेल्या पात्यांवर धातूचा थर चढवतात, चार बोटं जाडीचं पोलाद लोण्यासारखं कापतात. उद्या कचऱ्यापासून वायू काढतील, त्यावर शहरं उजळतील. लोक लिहून घेत होते. कैरोल्ला सादिकोविच पहिल्या रांगेत पोटावर हात बांधून बसला होता, मुलगी पहिली आलेल्या बापासारखा.

मग मी फ्योदरला खूण केली. त्याने ढकलगाडी आणली. बावीस खोके मी टेबलावर एकेक करून ठेवले आणि दोन झिजलेले इलेक्ट्रोड शेजारी. झिजलेला कसा दिसतो ते दाखवलं, हातोहात फिरवला. म्हटलं, दोन वर्षांत आम्ही एवढेच वापरले. हिशेब तुम्हाला येतो, तुम्ही अभियंते आहात. बाकीचं विष माळावर आहे. त्याच्या नाशाच्या प्रत्येक कागदावर सही माझी आहे.

वीजकेंद्राच्या एका म्हाताऱ्या अभियंत्याने एक सीलबंद खोका उचलला, फोडला, टोकावरून अंगठा फिरवला आणि शेजाऱ्याकडे दिला. तो खोका रांगेतून जात राहिला. प्रत्येक जण अंगठा फिरवत होता. कैरोल्ला सादिकोविचपर्यंत आला तेव्हा त्याने तो घेतला नाही.

नंतर जिन्यात त्याने मला गाठलं. मला वाटलं शिव्या देईल. तो समजुतीने बोलला, आणि तेच जास्त घाणेरडं होतं. "तुला कुणी विचारलं होतं का?" म्हणाला. "मी तर सांगणार होतो, तंत्रच कच्चं आहे. प्लाझ्मा अजून आपल्या मातीत रुजला नाही. तुझंही नाव राहिलं असतं, माझंही."

बघ, कुठे नेऊन टाकत होता. चोरी त्याने केली, भिऊन सही मी केली, आणि कच्ची कोण, तर मशाल. जिने दोन महिने कुणाचीही लाज राखण्यासारखं काम केलं, ती. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या हातचं खाल्लं ते अजून पोटात राहत नाही." तो मला वेड लागल्यासारखं बघत निघून गेला. आज ऐकते, रक्तदाब वाढून इस्पितळात दाखल झालाय.

आता मुद्द्याचं. परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी सरकारी चौकशी बसली. चौकशीवाल्यांना घळीत मिळालेली पिंपं निम्म्याहून कमी आहेत. बाकीची कुठे आहेत हे ट्रकवाल्यांनाच माहीत. इतर दोघे माहीत नाही म्हणतात. तुझ्याकडून काही मागायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि आता मागते आहे. मला क्षमा नको. जागा सांग. खड्डे कुठे आहेत तेवढं सांग.

ऊल्पान


आक्शोकी, १९ मे

तुझा कागद मिळाला.

वर नाव नाही, खाली नाव नाही. नकाशा. रस्ते तू चांगले काढलेस. नदीचं वळणही बरोबर. चार फुल्या. तीन ठिकाणी आकडा लिहिलायस. चौथ्या फुलीपाशी एक ओळ, 'इथे मी स्वतः टाकली. अठ्ठावीस.'

चौथी फुली कराबुलाकच्या वर आहे. आपल्या गावच्या झऱ्याच्या वर, जिथे आपण मेंढीच्या कातड्यावर बसून घसरायचो.

आईच्या चाळिसाव्याला तू हे सांगत होतास. आता ते वाक्य मला पुन्हा ऐकू येतं, "आणि अपके, एक खेप तर आपल्याच..." एवढं झालं आणि माझा हात उठला. म्हणजे तू आपलं पाप कबूल करायला आला होतास, आणि मी तुझं तोंड मारून बंद केलं. दीड वर्ष तू ते एकट्याने सांभाळलंस. तुला चिखलात पुढे जाता येत नव्हतं, मुकादम फोनवर शिव्या देत होता, असं काहीतरी असणार. तू ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

त्याच दिवशी मी गाडी घेऊन गेले. रीस्ती मावशी झऱ्यावरच होती, चहाचं पाणी भरत. मी बादली तिच्या हातातून घेऊन ओतून दिली. ती संतापली. मी सांगितलं, सगळं, उभ्याउभ्या.

ती खाली दगडावर बसली. तिच्या मनगटांवर लाल चट्टे आहेत, कोपरापर्यंत गेलेत. मला म्हणाली, गेल्या वसंतात अकरा मेंढ्या गाभडल्या, या वसंतात सतरा. आम्ही म्हटलं नजर लागली. मुल्लाला बोलावलं, ताईत बांधले.

"तुझी आई सांगायची," म्हणाली, "माझी ऊल्पान विष जाळते. सगळ्या गावाला सांगायची. दळायला गेली तरी तेच. मी चिडायचे तिच्यावर, किती मिरवशील म्हणून."

मला वाटलं होतं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, रिकामी बादली घेतली आणि घराकडे गेली. मला आत ये म्हणाली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं.

नमुने प्रयोगशाळेत गेलेत. झऱ्याभोवती तार ओढली आहे. गावाला टँकरने पाणी येतं.


आक्शोकी, ३० जून

एल्दोस,

तीन आठवडे भट्टी खरीखुरी चालते आहे. चौकशी समितीच्या देखरेखीखाली, मला सल्लागार म्हणून आत येऊ देतात, शेजारी शिपाई उभा करून. पिंपं उकरून आणतात. आपल्या अठ्ठावीसपैकी सव्वीस शाबूत निघाली, दोन फुटली होती, त्यांच्यासकट माती खणून आणली. सीलबंद खोक्यांतले तीन इलेक्ट्रोड लावून झालेत. भट्टी आता सतत चालते. मशाल तशीच आहे, हळू खाते आणि सगळं खाते. तिच्याकडे बघितलं की मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. हेच आम्हाला दोन वर्षांपूर्वी करता येत होतं, एवढंच डोक्यात येतं आणि तोंडात पित्त.

झऱ्याचा अहवाल आला. वाईट आहे, पण आम्हाला वाटलं होतं तितका नाही. विष कडेच्या मातीत जास्त आहे, पाण्यात कमी. उगमाजवळची माती काढली तर चार-पाच वर्षांनी पिता येईल असं म्हणतात. मावशीच्या हातांना मलम दिलंय. चट्टे फिकट पडलेत. ती माझ्याशी अजून बोलत नाही, पण परवा टँकरवाल्याबरोबर पिशवीभर वाळवलेलं दही पाठवलं. कुणासाठी ते सांगितलं नाही. मी खाल्लं. राहिलं पोटात.

आता खटल्याचं. कैरोल्ला सादिकोविचने सगळं माझ्यावर आणि ट्रकवाल्यांवर ढकललं आहे. माझ्या वकिलाने काल दार लावून मला मार्ग सांगितला. माणूस वाईट नाही, त्याच्या धंद्यातली रीतच तशी. म्हणाला, "तुमचा भाऊ ट्रकवर होता. त्याच्या हातचा कागद आहे, 'मी स्वतः टाकली' म्हणून. तुम्ही म्हणा, भावाने माझ्यापासून लपवलं, मी विश्वासाने सह्या केल्या. तो अक्ताऊला आहे, त्याला दंडावर सोडतील. तुम्हाला चार वर्षं कमी."

मी त्याला विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का. तो म्हणाला, तीन आहेत. मी म्हटलं, मग तुम्हाला एखादा स्वस्त वाटत असेल. त्याला राग आला. मी त्याला काढून टाकलं.

आज सकाळी तपास अधिकाऱ्यासमोर बसून मी जबानी स्वतःच्या अक्षरात लिहिली. त्यात असं आहे: चालक एल्दोस याने पिंपं टाकल्यानंतर दहा दिवसांच्या आत, साक्षीदारांसमोर, मला, म्हणजे मुख्य अभियंत्याला, हे सांगितलं. सांगताना तो शुद्धीत होता. मी त्याला मारलं. तेव्हा ऐकलं असतं तर बर्फ वितळण्याआधी पिंपं बाहेर निघाली असती आणि झऱ्यापर्यंत काही पोचलं नसतं. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर मी जाणून सही केली. 'जाणून' या शब्दापाशी अधिकाऱ्याने पेन थांबवायला सांगितलं. म्हणाला, बाई, हा शब्द तुम्हाला महाग पडेल, 'निष्काळजीपणे' लिहा. मी 'जाणून' तसाच ठेवला. हलकं नाही वाटलं. ओकून झाल्यावर वाटतं तसं वाटलं, थंड आणि रिकामं.

सप्टेंबरात सुनावणी. तुला साक्षीला बोलावतील, समन्स बंदरावरच येईल. ये. जसं झालं तसं सांग, मला वाचवायला काही वगळू नकोस आणि माझा सूड घ्यायला काही घालू नकोस. मुकादमाचं नाव घे. थपडीचं विचारतील, तेही सांग.

साक्षीदाराला आधी नाव विचारतात, मग धंदा. तिसरा प्रश्न असतो, आरोपी तुमची कोण. तिथे काय उत्तर द्यायचं ते मी सांगणार नाही. मी समोरच बसलेली असेन, ऐकेन.

ऊल्पान